शिवणीचे फळ आणि ओसरीवरचा भुंगा

आपल्या संघटनेच्या गेल्या जिल्हा बैठकीत, चहाच्या वेळी, एका तरुण वैद्यमित्रांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांनी आपल्या चिकित्सालयाच्या आवारात मोठ्या हौसेने वनौषधी उद्यान केले आहे आणि रुग्णांना बसण्यासाठी त्यात लाकडी मांडव घातला आहे. त्या मांडवाच्या वाशांना भुंग्यांनी भोके पाडली. निंबतेल, करंजतेल की हिंगाचे पाणी, यांपैकी कशाचा हात फिरवावा म्हणजे ते कायमचे निघून जातील, एवढेच त्यांना हवे होते. मी उलट विचारले, "उद्यानात शिवण आहे का?" ते म्हणाले, "आहे ना, दोन झाडे आहेत. यंदा प्रथमच फुलली." मी म्हटले, "मग काहीच लावू नका."

माझे उत्तर त्यांना विनोदाचे वाटले असावे. तेवढ्यात सभेची घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला. चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगून होण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून संपादकांकडे चार पाने मागून घेतली.

प्रथम स्वतःच्या चुकीविषयी सांगणे योग्य होईल. आमचे घर संगमेश्वर तालुक्यातले. ओसरीला जुने आंब्याचे वासे, पुढे पडवी, परसात विहीर आणि विहिरीलगत शिवणीची दोन मोठी झाडे. लहानपणी ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्या झाडांखालची जमीन पिवळ्या फळांनी झाकलेली असे. वडील ती वेचवून घेत, बिया काढून सुकवीत आणि वर्षभराच्या औषधासाठी बरणीत भरून ठेवीत. पुढे घराची जबाबदारी माझ्याकडे आली. वाशांची भोके आणि खाली पडणारा भुसा पाहून मी एका उन्हाळ्यात सारी भोके घासलेटात भिजवलेल्या चिंध्यांनी बुजवली, वर लांबी भरली आणि सगळ्या लाकडाला तेलरंग दिला. त्याच उत्साहात परसातला वठलेला आंबा तोडून जळणाला लावला आणि बांबूच्या बेटातले वाळके बांबू काढून टाकले. घर स्वच्छ झाले. पाहुण्यांनी कौतुक केले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे शिवण दरवर्षी फुलत होती, पण फळे ओंजळभरसुद्धा मिळेनात. मी कधी अवकाळी पावसाला दोष दिला, कधी माकडांना. ओसरीवरची ती भोके आणि झाडाखालची ती रिकामी जमीन यांचा काही संबंध असेल, हे अनेक वर्षे माझ्या मनातही आले नाही. निदानपंचकावर व्याख्याने देणाऱ्या माणसाने हे कबूल करावे, यात थोडा संकोच आहे.

शिवण म्हणजे आपली काश्मरी, गंभारी. शास्त्रज्ञांची ग्मेलिना आर्बोरिया. बृहत्पंचमुळातील पाचांपैकी एक, म्हणून दशमुळाचे प्रत्येक पोते तिच्या मुळावर उभे आहे. दशमूलारिष्ट आणि च्यवनप्राश काढणाऱ्या आपल्या औषधी कारखानदार बंधूंना तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. पण मुळाच्या व्यापारात आपण तिच्या फळाला पार विसरलो आहोत, असे मला वाटते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात काश्मर्य विरेचनोपग गणात द्राक्षेच्या शेजारी बसवली आहे आणि काश्मर्यफळाला दाहप्रशमन गणात चंदन व उशीर यांच्या पंक्तीला स्थान दिले आहे. वातव्याधीच्या अध्यायात गर्भ सुकत असता साखर, काश्मरी आणि ज्येष्ठमध यांनी सिद्ध केलेले दूध सांगितले आहे. आमच्या वडिलांची ती बरणी मुख्यतः याच कामासाठी असे. आज बाजारात चांगले काश्मरीफळ मागून पाहावे. काय मिळते ते वाचकांना ठाऊक आहे.

आता या फळाची उत्पत्ती पाहू. माघात शिवणीची पाने गळून जातात आणि निष्पर्ण फांद्यांवर तपकिरी छटेच्या पिवळ्या फुलांचे घोस येतात. फूल नळीसारखे, पुढे दोन ओठांचे. खालचा ओठ म्हणजे जणू उतरण्याचा ओटा. चार पुंकेसर आणि स्त्रीकेसर वरच्या ओठाखाली कमानीसारखे वाकलेले. मध नळीच्या तळाशी. एखादा जाडजूड, केसाळ पाहुणा ओट्यावर उतरून आत डोके घालतो तेव्हा त्याच्या पाठीला वरच्या पुंकेसरांचा पराग नेमका घासला जातो, आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात शिरताना तीच पाठ तिथल्या स्त्रीकेसराला लागते. पाहुण्याची जाडी येथे महत्त्वाची आहे. बारीक माशी सरळ तळाशी उतरते, आपला वाटा घेते आणि वरच्या कमानीला न शिवताच निघून जाते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शिवण आपल्याच परागाने फळ धरीत नाही. कमलजित बावा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली या झाडाची स्वपरागणाविषयीची असमर्थता दाखवून दिली. म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या, वेगळ्या वंशाच्या झाडापर्यंत पोहोचला पाहिजे. वाऱ्याने हे काम होत नाही. ते करतो आपला भुंगा.

भुंगा या शब्दाने मराठीत थोडा घोटाळा होतो. शेणातला, कठीण ढालीसारख्या पंखांचा तो भुंगेरा, आणि लाकूड पोखरणारा, काळाभोर, निळसर चमकदार पंखांचा, मोठ्याने गुणगुणणारा तो भुंगा. हा दुसरा जातीने माशीच आहे, मधमाशीच्या कुळातला. शास्त्रीय भाषेत त्याला झायलोकोपा म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लाकूड कापणारा. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना, कोरडे लाकूड सहज भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत कसा अडकून पडतो, हा दृष्टांत आला आहे. निरीक्षण अचूक आहे, आणि त्यातले 'कोरडे' हे विशेषणही महत्त्वाचे आहे. भुंगा ओल्या, जिवंत झाडाला सहसा हात लावीत नाही. त्याला वठलेले, वाळलेले, रंग न दिलेले लाकूड किंवा बांबू लागतो.

मादी जबड्याने बोटभर रुंदीचे, कंपासाने काढावे असे गोल भोक पाडते आणि आत गेल्यावर वळून लाकडाच्या रेषेने बोगदा कोरीत जाते. ती लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकते, आणि त्यामुळेच आपल्याला तिची चाहूल लागते. बोगद्याच्या तळाशी ती पराग आणि मध यांचा एक गोळा करून ठेवते, त्यावर एकच अंडे घालते, भुशाच्या चकतीने ती कोठडी बंद करते आणि पुढच्या कोठडीला लागते. तिचे अंडे कीटकसृष्टीतील सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी एक असते. म्हणून संख्या अगदी थोडी. एका बोगद्यात सहा-सात कोठड्या झाल्या तरी पुष्कळ. मधमाशीची राणी दिवसाकाठी शेकड्यांनी अंडी घालते, तिच्याशी तुलना केली म्हणजे एक घरटे बुजवल्याने किती नुकसान होते ते लक्षात येईल. पोळे नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपला संसार एकटीने करते. काही जातींत आई आणि मुली एका घरट्यात काही काळ एकत्र राहताना आढळतात. परंतु मोहोळाचा प्रपंच त्यांच्यात नाही. जुनी घरटी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात, आणि माझ्या ओसरीवरची भोके माझ्या जन्माआधीची असण्याचा संभव आहे.

रुग्ण विचारतात म्हणून सांगतो: अंगावर झेपावल्यासारखा करणारा, झुडपासमोर हवेत एका जागी तरंगत राहणारा भुंगा बहुधा नर असतो आणि नराला डंख नसतो. मादीला असतो, पण ती मुठीत पकडल्याशिवाय सहसा मारीत नाही. काही जातींत मादी काळी, छातीवर पिवळी, आणि नर सगळाच पिवळसर असतो, त्यामुळे लोक त्यांना दोन वेगळे प्राणी समजतात.

येथे आपल्या संहितांतील एक जुना प्रश्न आठवतो. चरकांनी मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुतांनी आठ. दोन्हींत 'भ्रामर' मध आहे आणि चरकांनी तो गुरू म्हटला आहे. पण वर वर्णन केलेला भुंगा मध साठवीतच नाही. त्याच्या कोठडीतला गोळा गाळून बरणीत भरता येणार नाही. मग भ्रामर मध कोणाचा? भावमिश्रांनी या मधाची माशी प्रसिद्ध भ्रमराहून किंचित लहान सांगितली आहे, त्यावरून पोळे करणारी एखादी निराळीच माशी अभिप्रेत असावी, असे माझे मत आहे. कोणी विद्वान वाचक याचे खंडन करतील तर ते मला हवेच आहे. सांगायचे एवढेच, की भुंग्याकडून आपल्याला एक थेंबही मध मिळत नाही, आणि म्हणूनच त्याची बाजू घेणारा कोणी नाही.

मधमाशीचे तसे नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या कौतुकातून एक समजूत पसरली आहे, की उद्यानात दोन मधपेट्या आणून ठेवल्या म्हणजे परागणाची चिंता मिटली. परवाच एका महाविद्यालयाच्या उद्यानात ही समजूत अभिमानाने ऐकायला मिळाली. शेजारीच डोरली आणि रिंगणी यांचे वाफे होते, म्हणजे आपली बृहती आणि कंटकारी. त्यांच्या फुलाकडे जवळून पाहिले असते तर ती समजूत तिथेच गळून पडली असती.

या दोन्ही वनस्पती वांग्याच्या कुळातल्या. त्यांच्या फुलात मध नसतो. असतो तो केवळ पराग, आणि तोही पिवळ्या नळीसारख्या परागकोशात बंद. कोशाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी दोन छिद्रे. मिठाच्या डबीसारखी रचना म्हणा. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा, आणि त्याची धाकटी चुलतबहीण म्हणता येईल अशी निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी, परागकोशाला कवटाळून पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात. उडतानाच्या गुणगुणण्याहून वेगळा, वरच्या पट्टीतला आवाज त्या वेळी ऐकू येतो आणि छिद्रांतून परागाचा फवारा बाहेर पडतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. ती फार तर पाकळीवर सांडलेले वेचते.

बहाव्याचेही पुष्कळसे असेच. चतुरंगुलाला चरकांनी मृदुविरेचनांत श्रेष्ठ म्हटले. कल्पस्थानात त्याची पक्व फळे सात रात्री वाळूत ठेवून मग उन्हात सुकवायला सांगितली. परंतु ती शेंग मुळात लागावी कशी? बहाव्याच्या फुलातही मध नाही. दहा पुंकेसरांपैकी तीन लांब आणि बाहेर वाकलेले, बाकीचे आखूड. भुंगा आखूड पुंकेसरांना धरून थरथर करतो, त्यांतला पराग स्वतःच्या पिलांसाठी घेतो, आणि त्याच वेळी लांब पुंकेसर वळसा घालून त्याच्या अंगावर निराळाच पराग माखतात, जो पुढच्या फुलासाठी आहे. चैत्र-वैशाखातल्या सकाळी फुललेल्या बहाव्याखाली पाच मिनिटे उभे राहावे. हा व्यवहार कानांनीच कळतो.

शालपर्णी, पृश्निपर्णी यांची फुले उघडायलाही माशीचे वजन लागते. तिथे पाने कातरून घरटी करणाऱ्या एकांड्या माश्यांचा वाटा आहे. टेंटूचे काम वटवाघळे करतात. दशमुळाच्या एका चिमटीत इतक्या जिवांची रात्रंदिवस मेहनत असते. आणि रात्रीचे म्हणाल तर हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या अरण्यात केलेला, २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक मराठी वैद्याने ऐकलेला असावा. तिथे पाटलेच्या कुळातल्या वारस या झाडाचे परागण भुंग्याची एक जात रात्री करते, असे त्यांना आढळले. २००८ मध्ये या संशोधकांनी सहकाऱ्यांसह असेही दाखवले, की भुंग्याची आणखी एक जात चंद्र नसतानाही उडते आणि नुसत्या ताऱ्यांच्या प्रकाशात रंग ओळखते. सह्याद्रीत आपल्या घराजवळ हे चालले होते आणि आपण गुटिका वळत होतो.

भुंगा सर्वत्र साधूच आहे असे मी म्हणत नाही. काही लांब नळीच्या फुलांना तो बुडाशी छेद देऊन परागाला न शिवता मध पळवतो. घराचे वासे तो पोखरतो, हेही खरे. वर्षानुवर्षे एकाच वाशात बोगदे झाले तर वासा कमजोर होतो, आणि मांडव कोसळावा असे मी त्या तरुण मित्रांना कसे सांगेन? पण उपाय सोपा आहे. रंग किंवा तेल दिलेल्या लाकडाला भुंगा सहसा तोंड लावीत नाही. मांडव रंगवावा, मात्र घरट्यात पिले नाहीत अशा वेळी. आणि त्याआधी, जवळच, पावसाचे पाणी थेट पडणार नाही अशा जागी, पांगारा, शेवगा किंवा आंबा यांचा मांडीएवढ्या जाडीचा वाळका ओंडका आणि वाळक्या बांबूंची मोळी आडवी बांधून ठेवावी. आधी पर्यायी घर आणि मग निष्कासन, एवढाच क्रम पाळायचा. मी क्रम उलटा केला होता. खरे तर पहिली पायरी गाळलीच होती.

ब्राझीलमध्ये पॅशनफळाच्या बागायतदारांना हे अनुभवाने कळले. त्या फुलाला मोठाच भुंगा लागतो. भुंगे कमी झाले तिथे माणसे लावून फूल न्‌ फूल हाताने परागित करावे लागते. म्हणून तेथील संशोधकांनी भुंग्यांसाठी लाकडी पेट्या तयार केल्या. जपानातील सफरचंदाचे बागायतदार १९४० च्या दशकापासून एका स्थानिक एकांड्या माशीला बोरूच्या पोकळ नळ्यांच्या मोळ्या पुरवीत आले आहेत. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील सॉलोमन राजू यांनी २००६ साली भुंग्यांच्या दोन जातींची घरटी आणि त्यांची खाद्यफुले यांविषयी सविस्तर लिहिले आहे. ज्ञान उपलब्ध आहे. वनौषधी उद्यानाचा आराखडा काढणाऱ्याच्या मेजावर मात्र ते पोहोचलेले नाही. आपली उद्याने पाहा: सिमेंटची किनार, हिरवळ, नावाच्या पाट्या, लोखंडी कमान. वाळकी फांदी दिसली की माळी ती कापतो, कारण तपासणीला येणाऱ्यांना ती अस्वच्छता वाटते. पालापाचोळा जाळतात. आणि मग शंभर वनस्पतींच्या त्या उद्यानात बी धरणाऱ्या किती, हे कोणी मोजत नाही. रोपे संपली की वनखात्याच्या रोपवाटिकेतून पुन्हा आणतात.

आता औषधी कारखानदारांशी थोडे स्पष्ट बोलतो. शेड्यूल टी प्रमाणे गोदाम आणि उत्पादनगृह कीटकमुक्त ठेवणे तुमचे कर्तव्य आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु तो नियम गोदामाच्या भिंतींच्या आत आहे. कुंपणापर्यंतच्या सगळ्या आवारात फवारणी करणाऱ्या ठेकेदाराला हा फरक समजावून सांगण्याचे काम तुमचे आहे. कोकणात मोहोराच्या काळात तुडतुड्यांसाठी आंब्यावर फवारण्या होतात आणि त्याच सुमारास शिवण फुलते. त्यात आपल्या आवारातून आणखी भर पडू नये.

दुसरा मुद्दा मुळांचा आहे आणि तो कटू आहे. बृहत्पंचमुळाचे मूळ खणले की झाड गेले. पानाची, फळाची औषधे घेताना झाड राहते. येथे राहत नाही. म्हणून जंगलातून मुळे घेणाऱ्याने निदान नवे झाड उगवण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. नवे झाड बियांतून येते, बी फळातून, फळ दुसऱ्या झाडाच्या परागातून. एखाद्या डोंगरउतारावरच्या दहा शिवणींपैकी आठ खणून काढल्या, तर उरलेल्या दोघींमधले अंतर एवढे वाढते की भुंगा असला तरी त्याची फेरी जमेल असे नाही. आणि वाळकी लाकडे जळणाला गेलेली असली तर भुंगाही नाही. तेव्हा खरेदीच्या वेळी पुरवठादाराला भाव विचारतो तसे एवढेही विचारावे, की मूळ जंगलातले की लागवडीतले? शिवण ही इमारती लाकडासाठी मुद्दाम लावली जाणारी, झपाट्याने वाढणारी जात आहे. लागवड तोडतात तेव्हा मुळे जमिनीतच राहतात आणि शेतकऱ्याला ती उपसण्याचा खर्च करावा लागतो. ती मुळे आगाऊ करार करून घेणारा कारखानदार जंगलही वाचवील आणि स्वतःचे पैसेही. असे करार करणारे थोडेसे का होईना, असतील. त्यांनी आपला अनुभव या अंकांतून लिहावा.

रोपे लावणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. कलमे किंवा छाट सोयीचे असतात, पण एकाच मातृवृक्षाचे सहा छाट लावले तर ते शिवणीच्या दृष्टीने एकच झाड झाले; त्यांच्यात कितीही भुंगे फिरले तरी फळ येणे कठीण. निदान दोन-तीन दूरदूरच्या झाडांच्या बियांची रोपे घ्यावीत. आणि शिवण संपल्यावर भुंग्याने काय खावे, याचाही विचार हवा. करंज, बहावा, पावसाळ्यात टाकळा, मग तरवड, कुंपणाला रिंगणी: आपल्या निघंटूतूनच त्याचा वर्षभराचा शिधा निघतो.

माझ्या परसातले पुढे काय झाले ते सांगतो. घासलेटाच्या चिंध्यांची ती गोष्ट उमजल्यावर मी विहिरीच्या खोपीला पांगाऱ्याचे दोन वाळके ओंडके टेकवून ठेवले आणि बांबूच्या बेटात हात घालणे सोडले. पहिले वर्ष काहीच घडले नाही. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात एका ओंडक्याखाली भुशाची छोटी ढिगोळी दिसली. आज त्या ओंडक्याला अकरा भोके आहेत. फळेही पुन्हा पडू लागली. वडिलांच्या काळाइतकी नाहीत, पण बरणी भरते. अर्थात, एका परसातल्या दोन झाडांवरून सिद्धांत मांडणे वैद्याला शोभणार नाही. त्या वर्षांत पाऊसही बरा झाला होता, शेजाऱ्यांची फवारणीही कमी झाली होती. कारणे अनेक असू शकतात.

म्हणूनच सभासदांना एक विनंती आहे. ज्यांच्या आवारात फुलणारी शिवण आहे त्यांनी येत्या माघात तिच्या हाताला येणाऱ्या दहा घोसांना दोरा बांधावा. त्यांपैकी पाच घोस कळ्या असतानाच पातळ मलमलीच्या पिशवीने झाकावेत, पाच उघडे ठेवावेत. फुले किती आणि वैशाखात फळे किती, एवढे वहीत लिहावे. जवळपास वाळके लाकूड आहे का, भुंगे सकाळी किती वाजता येतात, दुसरी शिवण किती अंतरावर आहे, हेही लिहावे. खर्च पिशव्यांचा तेवढाच. माझ्या त्या तरुण मित्रांनी दोन्ही झाडांवर हे करण्याचे कबूल केले आहे आणि मांडव सध्या तसाच ठेवला आहे. आषाढाच्या आत आलेल्या नोंदी एकत्र करून पुढच्या अंकासाठी त्यांचा तक्ता करण्याचे काम मी घेतो.